वसई : कोटाच्या आत आणि कोटाबाहेर

आपल्या यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही. वर्धा आणि पैनगंगा या आपल्या दोन्ही मोठ्या नद्या पूर्वेच्या अंगाला वळतात आणि त्यांचे पाणी शेवटी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला मिळते. पश्चिमेच्या सिंधुसागराशी आपला पाण्याचादेखील संबंध नाही. मग त्या सागराच्या काठी पोर्तुगीजांनी उभारलेल्या आणि आज भग्न झालेल्या एका बंदराच्या नगरीविषयी या पानांतून लिहिण्याचे प्रयोजन काय, असे वाचक विचारतील. त्याला कारण आहे.

आपल्या धर्मग्रामांतील मुलांना शाळेत, बाजारात, कधी शेजारच्या ओट्यावर एक वाक्य हमखास ऐकावे लागते : “तुमचा धर्म पोर्तुगीजांनी आणलेला.” मूल घरी येऊन विचारते आणि आईवडील गोंधळतात. काही जण रागावतात, काही विषय बदलतात. इतिहासाची थोडी ओळख असती तर यांतले काहीच करावे लागले नसते. वऱ्हाडापुरते उत्तर सरळ आहे. आपल्याकडे कॅथलिक ख्रिस्तसभा पोर्तुगीजांच्या गलबतातून आली नाही. फ्रान्सच्या सीमेवरील सव्हॉय प्रांतातल्या अ‍ॅनेसी गावचे, संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाच्या संघाचे धर्मगुरू १८४५-४६ च्या सुमारास विशाखापट्टणमला उतरले. तेथून त्यांनी नागपूर गाठले आणि तेथून हे कार्य पसरले. १८८७ मध्ये नागपूरचा धर्मप्रांत झाला. १९५५ मध्ये त्यातून अमरावतीचा धर्मप्रांत वेगळा झाला आणि यवतमाळ जिल्हा त्यात आला. पोर्तुगालचा झेंडा या वाटेवर कोठेही नव्हता.

परंतु एवढ्यावर थांबणे बरे नव्हे. महाराष्ट्राच्या ख्रिस्ती इतिहासाचे जे थोरले घर आहे, त्या वसईच्या बाबतीत तरी हे वाक्य खरे आहे काय? की तेथेही ते अर्धेच खरे आहे? याचा शोध घ्यायचा तर ती नगरी नीट पाहिली पाहिजे.

सोपाऱ्याच्या शेजारचे बंदर

उल्हास नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे उत्तर काठावर वसई वसली आहे. पोर्तुगीज येण्यापूर्वी हा प्रदेश ओसाड नव्हता. वसईच्या उत्तरेला काही मैलांवर सोपारे आहे. प्राचीन ग्रंथांतील शूर्पारक ते हेच. तेथे सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले आणि १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील बौद्ध स्तूप उजेडात आणला. खाडी गाळाने भरत गेली, सोपाऱ्याचे बंदर मागे पडले आणि वसईचा वापर वाढला. सोळाव्या शतकाच्या आरंभी वसई गुजरातच्या सुलतानाकडे होती. लाकूड, मीठ, तांदूळ यांच्या व्यापारावर ती भरभराटली होती.

मोगल बादशहा हुमायून याचे संकट समोर दिसू लागले, तेव्हा गुजरातचा सुलतान बहादूरशहा याला समुद्राच्या बाजूने शत्रू नको होता. २३ डिसेंबर १५३४ रोजी त्याने पोर्तुगीजांशी तह करून वसई आणि तिच्या ताब्यातील मुलूख त्यांना दिला. त्यात साष्टी होती आणि मुंबईची बेटेही होती. पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्या याने १५३६ मध्ये येथे किल्ल्याचे बांधकाम सुरू केले आणि गार्सिया द सा याला पहिला कॅप्टन नेमले. पुढे जवळजवळ दोनशे वर्षे वसई ही पोर्तुगीजांच्या ‘उत्तर प्रांता’ची राजधानी राहिली. दमणपासून चौलपर्यंतच्या ठाण्यांची सूत्रे येथून हलत.

आज आपण ज्या मुंबईला नोकरी-औषधासाठी धावतो, ती मुंबई त्या काळी वसईच्या हाताखालचे एक दुय्यम बेट होती. गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या वनौषधींवरील प्रसिद्ध ग्रंथाचे कर्ते डॉ. गार्सिया द ओर्ता यांच्याकडे ते काही काळ खंडाने होते. १६६१ च्या विवाहकराराने पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिच्या आंदणात ते इंग्लंडच्या राजाला गेले आणि १६६५ मध्ये प्रत्यक्ष ताब्यात दिले गेले. वसईच्या अधिकाऱ्यांना हे आंदण मुळीच रुचले नव्हते. धाकट्या बेटाने थोरल्या नगरीला मागे टाकावे, ही त्या आंदणाचीच पुढची गोष्ट आहे.

दगडी शहर

वसईचा किल्ला म्हणजे डोंगरी किल्ल्यांसारखी केवळ लढाऊ जागा नव्हती. तटाच्या आत एक संपूर्ण शहर होते. दहा बुरुजांचा तट, जमिनीच्या बाजूचा दरवाजा, समुद्राच्या बाजूचा दरवाजा, मध्ये चौक, न्यायकचेरी, कॅप्टनचा वाडा, तुरुंग, इस्पितळ आणि रुग्ण-निराधारांची काळजी घेणारे ‘मिझेरिकॉर्दिया’ हे दयामंडळ. त्यातच संत योसेफाचे मुख्य चर्च आणि फ्रान्सिस्कन, येशूसंघीय, डॉमिनिकन व ऑगस्टिनियन या संघांची चर्चे आणि मठ. संत फ्रान्सिस झेवियर १५४४ मध्ये आणि पुन्हा १५४८ मध्ये येथे येऊन गेले. त्यानंतर लगेचच येशूसंघाने येथे विद्यालय सुरू केले. त्याच्या चर्चचा दर्शनी भाग आजही उभा आहे. कोरीव खांबांचा तो देखणा दरवाजा पाहून शहराच्या वैभवाची कल्पना येते.

वसईचा दगड त्या काळी नावाजलेला होता. गोव्यात संत झेवियर यांचे अवशेष ज्या बॉम जेझू बॅसिलिकेत आहेत, तिच्या मुखभागासाठी वसईचा काळा दगड जहाजांतून नेण्यात आला. घडीव दगडाबरोबर आगाशीच्या बाजूला बांधलेली जहाजेही प्रसिद्ध होती. १६७५ मध्ये इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर याने आणि १६९५ मध्ये इटालियन प्रवासी जेमेल्ली करेरी याने वसई पाहिली व तिच्याविषयी लिहून ठेवले. करेरीच्या काळापर्यंत मात्र शहराची उतरती कळा दिसू लागली होती. १६७४ मध्ये मस्कतच्या अरबांनी किनाऱ्यावर उतरून तटाबाहेरची चर्चे लुटली होती आणि आतील शिबंदी त्यांना अडवू शकली नव्हती. साथीच्या रोगाने वस्ती उठत होती. पलीकडे मुंबई वाढत होती आणि व्यापार तिकडे सरकत होता.

तटाच्या भिंतीने केलेला भेद

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. जुन्या वर्णनांत असे आढळते की तटाच्या आत वास्तव्याचा मान पोर्तुगीज सरदारांना, म्हणजे ‘फिदाल्गों’ना होता. ज्यांनी दगड घडवले, होड्या वल्हवल्या, भात पिकवले, मीठ काढले ती माणसे तटाबाहेर राहत. गावेच्या गावे फिदाल्गोंना खंडाने वाटून दिलेली होती. बाप्तिस्मा एक असला तरी उंबरठा एक नव्हता.

धर्माच्या बाबतीतही इतिहास आपल्याला सोयीचा तेवढाच सांगून चालणार नाही. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर येथील शिवाच्या लेण्याचे फ्रान्सिस्कनांनी चर्च केले. राज्यसत्तेच्या आश्रयाने अनेक देवळे पाडली गेली आणि अनाथ मुले, जमिनी व सवलती यांबाबतचे कायदे धर्मांतराला अनुकूल असे केले गेले. गोव्यात १५६० मध्ये सुरू झालेल्या धर्मन्यायालयाचा हात वसईपर्यंत पोचत होता. शुभवर्तमानाला तलवारीची किंवा कायद्याच्या धाकाची गरज नसते. जेथे तिचा आधार घेतला गेला तेथे शुभवर्तमानाचेच नुकसान झाले. नव्या सहस्रकाच्या उंबरठ्यावर, मार्च २००० मध्ये, पोप दुसरे जॉन पॉल यांनी सत्याच्या सेवेसाठी वापरलेल्या बळजोरीबद्दल जाहीर क्षमायाचना केली. ती वसईलाही लागू आहे, असे म्हणण्यात आपला कमीपणा नाही.

तथापि तटाबाहेरच्या त्या गावांत दुसरीही एक गोष्ट चालू होती. पापडी, सांडोर, नंदाखाल, आगाशी, माणिकपूर येथे धर्मग्रामे रुजत होती. धर्मगुरूंना लोकांची बोली शिकावी लागत होती. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले, हे आपण शाळेत शिकतो. परंतु उत्तर कोकणासाठी फ्रान्सिस्को वाझ द गिमारायश या धर्मगुरूंनी प्रभूच्या दुःखसहनावर तेथील बोलीत रचलेले पुराण १६५९ मध्ये थेट लिस्बन येथे रोमन लिपीत छापले गेले, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. राजधानीची भाषा पोर्तुगीज होती. वधस्तंभाजवळ मात्र लोक आपल्या बोलीतच रडत होते.

गोन्सालो नावाचा मुलगा

या नगरीतील सर्वांत मोठे नाव कोणा कॅप्टनचे नाही. १५५७ च्या सुमारास वसईत एका पोर्तुगीज सैनिकाच्या आणि येथल्याच एका स्त्रीच्या पोटी एक मुलगा जन्मला. त्याचे नाव गोन्सालो गार्सिया. येशूसंघाच्या विद्यालयात तो शिकला, पोरवयातच धर्मगुरूंबरोबर जपानला गेला आणि तेथे धर्मशिक्षक म्हणून वावरला. जपानी भाषा त्याने लवकर आत्मसात केली. येशूसंघात दाखल होण्याची त्याची इच्छा होती; ती पुरी झाली नाही. मग त्याने व्यापार केला, पैसा मिळवला. तरीही मनाची ओढ शमेना, तेव्हा मनिला येथे तो फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून दाखल झाला.

१५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर दुभाषा म्हणून तो पुन्हा जपानला गेला. तेथे त्या मंडळींनी रुग्णांची, विशेषतः महारोग्यांची सेवा केली. सत्ताधीश हिदेयोशी याची मर्जी फिरली आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथील टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांत वसईचा गोन्सालो होता. १६२७ मध्ये या हुतात्म्यांना धन्यवादित घोषित केले गेले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले. भारतात जन्मलेले हे पहिले संत.

जरा विचार करावा. फिदाल्गोंच्या त्या शहरात आईकडून एतद्देशीय असलेल्या या मुलाचा दर्जा काय असेल? ज्या संघाने त्याला घडवले त्यात त्याला जागा मिळाली नाही. त्याच्याजवळ ना सरदारकी होती, ना धर्मगुरुपद. लोकांच्या भाषेत बोलण्याची हातोटी आणि अखेरपर्यंत सोबत न सोडण्याची निष्ठा एवढेच त्याचे धन. कॅप्टनांची नावे आज अभ्यासकांनाच माहीत आहेत. त्या मुलाचे नाव वसईतील महाविद्यालय मिरवते.

सन १७३९

मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे घेतले आणि साष्टी जिंकली. १७३९ च्या फेब्रुवारीत चिमाजीअप्पांनी वसईला वेढा घातला. तीन महिने झुंज चालली. सुरुंग लावून बुरुज उडवले गेले आणि मे महिन्यात सेंट सेबस्तियन बुरुजाला खिंडार पडले. पोर्तुगीज सेनापती मार्तिन्यो द सिल्व्हेरा वेढ्यात मारला गेला. मराठ्यांच्या बाजूला मृत आणि जखमी मिळून संख्या पाच हजारांच्या घरात गेली. पोर्तुगीजही शौर्याने लढले. अखेर १६ मे १७३९ रोजी त्यांनी शरणागतीचा तह केला. शहर सोडण्यास त्यांना आठ दिवसांची मुदत मिळाली. शस्त्रांसह, नगारे वाजवीत आणि निशाणे फडकवीत बाहेर पडण्याचा मान त्यांना देण्यात आला. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मोकळीक राहील, असेही कलम त्या तहात होते.

या विजयाकडे महाराष्ट्र अभिमानाने पाहतो आणि ते योग्यच आहे. चिमाजीअप्पांनी नवस फेडण्यासाठी बांधवलेले वज्रेश्वरीचे देऊळ आजही भाविकांनी गजबजलेले असते. चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून हत्तींवर लादून देशावर गेल्या, अशी परंपरा आहे. भीमाशंकरला १७२९ साल कोरलेली, क्रुसाचे चिन्ह असलेली घंटा आहे. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटाही पोर्तुगीजच. ज्या घंटांनी एके काळी मिस्सेला बोलावले, त्या अडीचशेहून अधिक वर्षे आरतीला बोलावीत आहेत.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न पुढचाच आहे. पोर्तुगीज गेले. युरोपीय संघांचे धर्मगुरू गेले. फिदाल्गो आपली चीजवस्त गलबतांत घालून गोव्याकडे निघून गेले. तटाच्या आतील चर्चांना कोणी वाली उरला नाही; लाकूड कुजले, छपरे कोसळली, वेलींनी भिंती वेढल्या. धर्म जर केवळ राजसत्तेच्या आधाराने उभा असता, तर तो त्याच गलबतांतून परत गेला असता. तसे घडले नाही. तटाबाहेरच्या गावांतील कोळी, शेतकरी, सामवेदी, वाडवळ, कारागीर जेथे होते तेथेच राहिले. मूठभर एतद्देशीय धर्मगुरूंनी त्यांची काळजी वाहिली. आता ख्रिस्ती राहण्यात कोणता लाभ नव्हता, सवलत नव्हती, राजाचा आश्रय नव्हता. तरी ते ख्रिस्ती राहिले आणि मराठ्यांच्या राज्यात मराठी रयत म्हणून नांदले.

आज वसईत फिरणाऱ्याला हे डोळ्यांनी दिसते. तटाच्या आत सारी चर्चे भग्न आहेत. तटाबाहेरच्या गावांत रविवारी सकाळी घंटा वाजतात आणि माणसांनी चर्च भरून जाते. राजधानीची चर्चे पडली, रयतेची टिकली. “तुमचा धर्म पोर्तुगीजांनी आणलेला” या वाक्याला वसईचे उत्तर या दोन दृश्यांत आहे. आणला असेल त्यांनी. राखला मात्र येथल्या माणसांनी. आणि जे माणूस स्वतः राखते ते त्याचेच असते.

वसईचा तह आणि आपले वऱ्हाड

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. वसईचे नाव आणखी एकदा इतिहासात गाजले आणि त्या वेळी त्याचा धक्का थेट वर्धा नदीच्या काठापर्यंत पोचला.

ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हडपसर येथे पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पळून वसईला इंग्रजांच्या आश्रयाला आला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी तेथे त्याने तैनाती फौजेचा तह केला आणि मराठी सत्तेच्या स्वातंत्र्यावर पाणी सोडले. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांना हा तह मानवला नाही. युद्ध पेटले. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी वऱ्हाडात अडगावला भोसल्यांचा पराभव झाला, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोनच दिवसांनी देवगावच्या तहावर सही झाली. तोवर वऱ्हाडात निजाम आणि भोसले यांचा दुहेरी अंमल होता. या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलखावरचा भोसल्यांचा हक्क संपला आणि तो निजामाकडे गेला. आपला यवतमाळचा प्रदेश त्यातच आला. पुढे १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले आणि नंतर मूर्तिजापूर-यवतमाळ अरुंद रुळांची गाडी सुरू होऊन आपला कापूस मुंबईच्या वाटेला लागला. आपल्या शेताचा मालक कोण आणि आपल्या कापसाचा भाव कोठे ठरावा, याचा एक धागा असा वसईच्या त्या पडक्या शहरात जाऊन मिळतो.

आणखी जवळचा धागा हवा असेल तर स्वयंपाकघरात पाहावे. भाकरीबरोबरच्या ठेच्यातली मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर अमेरिकेतून या देशात आली. बटाटा, काजू, अननस, तंबाखूही त्याच समुद्रमार्गाने आले. दाराची चावी, पाव आणि महिन्याचा पगार हे शब्दही त्यांच्याच भाषेतले. मिरची परदेशी म्हणून विदर्भात कोणी ठेचा टाकून देत नाही. शतकानुशतके ज्या मातीत उगवली त्या मातीची ती झाली.

काय उरले

इंग्रजांच्या काळात किल्ल्याच्या आत उसाची लागवड करून साखर कारखाना काढण्याचाही एक प्रयत्न झाला; तो फसला. आज किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. किल्ल्याच्या अंगालगत पाचूबंदर, किल्लाबंदर येथे कोळ्यांच्या होड्या पूर्वीसारख्याच लागतात. १९९८ मध्ये मुंबईच्या महाधर्मप्रांतातून वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांवर गेली. केळीच्या, पानवेलींच्या आणि फुलांच्या बागा मागे हटत आहेत आणि इमारती पुढे येत आहेत. जुन्या नगरीला गाळाने आणि युद्धाने गिळले. नव्या वसईपुढचे संकट वेगळे आहे.

त्या संकटाशी झुंजणाऱ्यांत एक धर्मगुरू होते : फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ‘सुवार्ता’चे संपादक, हरित वसईसाठी लढणारे कार्यकर्ते आणि ‘सुबोध बायबल’चे कर्ते. जानेवारी २०१९ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या यवतमाळात भरले. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०२० मध्ये, उस्मानाबादच्या संमेलनाचे अध्यक्षपद फादर दिब्रिटो यांनी भूषविले. त्यांच्या निवडीला विरोध करणारे पुष्कळ निघाले आणि बोलही तेच होते, आपल्या मुलांना ओट्यावर ऐकावे लागणारे. फादरांनी त्याला शांतपणे, शुद्ध मराठीत उत्तर दिले. जुलै २०२४ मध्ये ते देवाघरी गेले.

मुलाने पुन्हा विचारले तर त्याला जवळ बसवावे आणि वसईची गोष्ट सांगावी. तटाच्या आतल्या सरदारांची सांगावी, तशीच बाहेरच्या कोळ्यांचीही सांगावी. पाडलेल्या देवळांची लपवू नये. दुभाषा गोन्सालोची विसरू नये. आणि शेवटी त्याला सांगावे की बाळा, आपल्या यवतमाळपर्यंत प्रभूचे नाव निराळ्या वाटेने आले, पण कसोटी तीच आहे. बाहेरचा आधार गेल्यावरही जे उरते, ज्या भाषेत आई अंगाई म्हणते त्याच भाषेत जे प्रार्थना करते, तेवढेच आपले. ते राखण्याचे काम आता तुझे आहे.